वीस रिव्नियाच्या नोटेवरचा माणूस : इव्हान फ्रांको

माळरान

माझी मुलगी युक्रेनमध्ये एमबीबीएसला होती. शहराचं नाव इव्हानो-फ्रांकिव्स्क. घरात आम्ही सगळे नुसतं ‘इव्हानो’ म्हणायचो. ‘इव्हानोला बर्फ पडलाय’, ‘इव्हानोची फी भरायचीय’. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, त्या पहिल्याच दिवशी तिथल्या विमानतळावर हल्ला झाला. पुढचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ती रोमानियाच्या सीमेवरून सुखरूप घरी आली, एक सॅक आणि अंगावरचं जॅकेट एवढ्यानिशी.

जॅकेट धुवायला टाकताना सवयीने खिसे तपासले. आतल्या खिशात चार घड्या घातलेली हिरवी नोट निघाली, २० रिव्नियाची. तिच्यावर रुंद कपाळाचा, भरघोस मिशांचा माणूस, गळ्याशी भरतकाम केलेला सदरा. हा कोण म्हणून विचारलं तर मुलगी म्हणाली, “आई, हाच तर तो. याच्याच नावाचं शहर आहे.” इतकी वर्षं त्या नावाने पैसे पाठवले, भाजणी-मेतकुटाची पार्सलं पाठवली, आणि हे नाव कुणाचं ते एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून या माणसाविषयी मिळेल ते वाचते आहे. आज लिहायला घेतलं.

इव्हान फ्रांकोचा जन्म २७ ऑगस्ट १८५६चा, नाहुयेव्हिची नावाच्या खेड्यातला. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात, गालिसिया प्रांतात होता. जमीनदार आणि अधिकारी बहुतेक पोलिश, शेतकरी युक्रेनियन. वडील याकिव्ह गावचे लोहार. रस्त्याने जाणारे-येणारे भात्यापाशी टेकायचे, गप्पा व्हायच्या, आणि पोरगं कोपऱ्यात बसून ऐकायचं. त्या गप्पांत जवळच्याच बोरिस्लावचं नाव वारंवार यायचं. तिथे जमिनीतून तेल निघायला लागलं होतं आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं खड्डे खणायला जात होती. पुढे फ्रांकोने लिहिलंय की आपल्या आठवणींच्या अगदी तळाशी एक आग जळते आहे, ती वडिलांच्या भट्टीतली.

तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले, सोळाव्या वर्षी आई. सावत्र वडिलांनी मात्र त्याची शाळा सोडवली नाही, हे मला फार मोठं वाटतं. अनाथ पोराला तेलाच्या खड्ड्यावर धाडणं त्यांना सहज शक्य होतं. द्रोहोबिच गावात शिकताना तो लांबच्या नात्यातल्या एका बाईंकडे राहायचा. त्यांचा सुतारकामाचा कारखाना होता. झोपायला वेगळी जागा नसायची, म्हणून पुष्कळदा नुकत्याच तयार झालेल्या शवपेटीतच अंग टाकायचा. ताज्या रंध्याचा भुसा, लाकडाचा वास आणि आत झोपलेलं शाळकरी पोर. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

१८७५ला तो ल्विव्हच्या विद्यापीठात गेला. दोनच वर्षांत पहिली अटक. गुन्हा, समाजवादी प्रचार. जिनिव्हात राहणाऱ्या द्राहोमानोव्ह या युक्रेनियन विचारवंताशी पत्रव्यवहार सापडला होता. शिक्षा झाली सहा आठवड्यांची, पण निकालाआधीच तो कित्येक महिने चोर-भुरट्यांबरोबर कोठडीत होता. बाहेर आला तेव्हा सभ्य समाजाने दारं लावून घेतली. ज्या मुलीशी लग्न ठरत होतं, तिच्या वडिलांनी घरात येऊ नको म्हणून सांगितलं.

मग त्याने आणि मिखाइलो पाव्लिकने मासिक काढलं, ‘लोकमित्र’ अशा अर्थाच्या नावाचं. सरकारने अंक जप्त केले. लगेच पुढचा अंक ‘घंटा’ नावाने काढला आणि त्यापुढचा ‘हातोडा’ नावाने.

आता १८८०ची गोष्ट, जी वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. पुन्हा अटक झाली, तीन महिने कोलोमियाच्या तुरुंगात. सुटका झाली तीही साधी नाही, त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात मूळ गावी धाडलं. वाटेत कोलोमिया, स्तानिस्लाव, स्त्रिय, द्रोहोबिच, अशा एकेका गावच्या पोलीस कोठडीत टाकत टाकत. द्रोहोबिचपर्यंत अंगात ताप भरला होता. तिथून पुढे भर उन्हात पोलिसाबरोबर पायी. वाटेत पावसाने गाठलं, अंगावरचा धागा न् धागा भिजला. जरा बरा झाल्यावर तो परत कोलोमियाला गेला, एका हॉटेलात उतरला आणि एक दीर्घकथा लिहिली. ‘तळाशी’ हा तिच्या नावाचा अर्थ. उरलेले पैसे खर्चून हस्तलिखित ल्विव्हला पाठवलं. मग प्रूत नदीच्या वाळूत सापडलेल्या तीन सेंटांवर आठवडा काढला. तेही संपले तेव्हा खोलीचं दार आतून लावून तापाने फणफणत, उपाशीपोटी, मरणाची वाट बघत दीड दिवस पडून राहिला. हे त्याने स्वतःच द्राहोमानोव्हला लिहिलेल्या पत्रात सांगितलंय.

तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता, माझ्या मुलीएवढा.

पुढचं थोडक्यात सांगते. दहा वर्षं एका पोलिश दैनिकात नोकरी केली. या नोकरीला तो ‘शेजाऱ्यांकडची मजुरी’ म्हणायचा. दिवसा पोलिशमध्ये लिहून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात युक्रेनियनमध्ये कविता, कथा, नाटकं, संशोधन, अनुवाद. १८९०ला रॅडिकल पक्षाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. आधुनिक अर्थाने तो युक्रेनियनांचा पहिला राजकीय पक्ष. १८९५, १८९७ आणि १८९८ला निवडणुकांना उभा राहिला, तिन्ही वेळा पडला. १८९३ला व्हिएन्नात डॉक्टरेट मिळवली, पण ल्विव्ह विद्यापीठातली जागा हाती आली नाही. गालिसियाचा राज्यपाल बादेनी आडवा आला. १९०८ला दोन्ही हात लुळे पडले. लिहिणं मात्र थांबलं नाही, दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायचा. बराच काळ हे काम थोरल्या मुलाने, आंद्रियने केलं. १९१३ला आंद्रियही गेला. २८ मे १९१६ला, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, ल्विव्हमध्ये फ्रांको वारला. पुरायला स्वतःची जागा नव्हती, दुसऱ्यांच्या तळघरात पेटी ठेवली. स्वतंत्र कबर मिळायला १९२१ उजाडलं.

तुमच्यापैकी कुणी वाचलं असेल तर भर घाला. माझं वाचन सगळं इंग्रजी अनुवादांवरचं आहे.

साधा वाचक

एका बैठकीत वाचलं. वाचनखूण साठवली आहे. शवपेटीतलं पोर आता माझ्याही डोळ्यांपुढून जाणार नाही.

दगडफूल

माळरानताई, फार आतून लिहिलंय तुम्ही. बोरिस्लावविषयी थोडं सांगतो, कारण माझी ३१ वर्षांची नोकरी तेल उत्खननात गेली आणि आमच्या धंद्याच्या इतिहासात हे नाव येतंच.

आज विहीर म्हटलं की आपल्यापुढे डेरिक, ड्रिलिंग रिग येतं. त्या काळी बोरिस्लावला विहीर म्हणजे खरोखरची विहीर, माणसाने कुदळीने खणलेली. एक माणूस कसाबसा मावेल एवढी रुंदी, बाजू ढासळू नयेत म्हणून लाकडाचं अस्तर. वर हाताने फिरवायचा रहाट आणि त्याच्या दोराला बांधून खाली सोडलेला माणूस. खाली वायू साचतो, म्हणून वर कुणीतरी, पुष्कळदा एखादं पोर, हातपंख्याचं चाक फिरवून नळीतून हवा खाली ढकलत बसायचं. त्या पोराचा हात थांबला की खालचा माणूस गुदमरला. दोर तुटला तरी तेच. तेलाबरोबर तिथे ओझोकेराइट निघायचं, म्हणजे जमिनीतलं मेण. मेणबत्त्यांना लागायचं, पुढे तारांच्या आवरणालाही. म्हणजे युरोपातल्या दिवाणखान्यांतला उजेड या खड्ड्यांतून वर येत होता.

फ्रांकोने यावर १८७८ला ‘बोआ कन्स्ट्रिक्टर’ ही दीर्घकथा लिहिली. त्यात एका तेलमालकाच्या भिंतीवर अजगराने हरिण आवळल्याचं चित्र टांगलेलं आहे आणि ते चित्र त्या माणसाच्या मनात हळूहळू शिरत जातं. मग १८८१-८२ला ‘बोरिस्लाव हसतंय’ क्रमशः छापून आली. त्यात मजूर एकत्र येतात, वर्गणीतून संपाचा निधी उभा करतात आणि संप करतात. फ्रेंच लेखक झोलाची खाणमजुरांच्या संपावरची ‘जर्मिनाल’ कादंबरी १८८५ची, म्हणजे त्यानंतरची. फ्रांकोची कादंबरी मात्र अर्धीच राहिली, ज्या मासिकात येत होती तेच बंद पडलं. मला या कादंबरीतला पैसे गोळा करण्याचा भाग सगळ्यात खरा वाटला. संप म्हणजे फक्त घोषणा नव्हेत; पेटीत किती जमलेत आणि त्यात किती दिवस चूल पेटेल, हा हिशेब असतो. लोहाराच्या पोराला तो ठाऊक होता.

तळटीप

उत्तम धागा. एक अडचणीचा मुद्दा मांडतो, टाळायला नको म्हणून. बोरिस्लावच्या कथांमधले मालक आणि सावकार बरेचसे ज्यू आहेत. त्या काळच्या बोरिस्लावात ज्यू व्यावसायिक होते हे खरं, पण शेकड्यांनी ज्यू मजूरही त्याच खड्ड्यांत उतरत होते. फ्रांकोच्या काही लिखाणात ज्यू माणूस म्हणजे शोषक असं सरधोपट चित्र येतं आणि त्यावर अभ्यासकांनी टीका केली आहे. ती टीका मला रास्त वाटते.

माळरान

तळटीप, हे लिहिलंत ते बरं झालं. मलाही काही पानं वाचताना खटकलं होतं, पण आवडलेल्या माणसाविषयी असं लिहायला हात धजावला नाही. त्याच्याच ‘ज्यू सुरावटी’ नावाच्या कविता आहेत, त्यांत गरीब ज्यूंची दुःखं आतून आली आहेत. त्याने ती पहिली बाजू पुसून टाकली असं मी म्हणणार नाही. दोन्ही त्याचंच आहे.

तळटीप

पटलं. आणि त्याची सगळ्यात गाजलेली दीर्घ कविता ‘मोझेस’ ही तर ज्यूंच्याच कथेवर उभी आहे. १९०५ची. वाळवंटातून लोकांना चाळीस वर्षं घेऊन आलेला म्हातारा, लोक त्याला कंटाळलेले, शेवटी त्याच्याच मनात शंका शिरते की आपण यांना उगाच तर घराबाहेर काढलं नाही ना. वचनभूमी डोळ्यांना दिसते पण पाऊल तिथे पडत नाही. युक्रेनियन वाचक हे आपल्याच लोकांविषयी आहे असं समजून वाचतात. फ्रांको १९१६ला गेला आणि युक्रेनचं स्वातंत्र्य जाहीर झालं जानेवारी १९१८ला.

भाषेचा संदर्भही द्यायला हवा. रशियन साम्राज्यात १८७६च्या फर्मानाने युक्रेनियनमध्ये पुस्तकं छापायला जवळपास बंदीच होती. छापखाना उरला तो ऑस्ट्रियाच्या बाजूला, मुख्यतः ल्विव्हमध्ये. म्हणून कीव्हकडच्या लेखकांचंही लिखाण ल्विव्हला येऊन छापलं जायचं आणि ते संपादित करणाऱ्यांत फ्रांको असायचा. तो एकटा लिहीत बसला नव्हता, एका अख्ख्या भाषेचं ऑफिस चालवत होता.

उंबरठा

ऑफिसवरून आठवलं, त्या ऑफिसचं भाडं कोण भरत होतं? ओल्हा खोरुझिन्स्का. फ्रांकोची बायको. तिचं नाव धाग्यात अजून आलंच नाही म्हणून लिहिते.

ओल्हा रशियन साम्राज्यातल्या युक्रेनमधली, शिकलेली मुलगी. १८८६ला कीव्हमध्ये लग्न झालं आणि ती सरहद्द ओलांडून परक्या राज्यात, नवऱ्याच्या अटका आणि कर्जांत आली. १८८९ला नवरा पुन्हा आत गेला तेव्हा घरी तान्ही पोरं होती. १८९४ ते १८९७ ‘जीवन आणि शब्द’ या अर्थाच्या नावाचं नियतकालिक निघालं. त्याची प्रकाशक म्हणून नाव ओल्हाचं आणि त्यात गेलेला पैसा तिच्या माहेरचा. १९०२ला ल्विव्हमध्ये घर बांधलं त्यातही तिचा पैसा होता. पुढे तिचं मानसिक आजारपण वाढत गेलं. आंद्रिय गेल्यावर ते फारच बळावलं आणि तिला इस्पितळात ठेवावं लागलं. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत ती घरी नव्हती. ती जगली १९४१पर्यंत.

फ्रांकोने १८८७ला नतालिया कोब्रिन्स्का आणि ओलेना प्चिल्का यांनी उभ्या केलेल्या बायकांच्या लेखनसंग्रहाचं, ‘पहिला हार’चं, संपादन केलं, ही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट. तिचं श्रेय त्याला आहेच. पण घरात जी बाई होती तिच्यासाठी वेळ किती उरला असेल, हा प्रश्न मला पडतो.

माळरान

उंबरठाताई, मनापासून आभार. मी तिच्याविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या आणि लांबी कमी करताना त्याच काढल्या. तसं करायला नको होतं.

पैलतीर

मी पाली शिकते, त्यामुळे मला हा माणूस वेगळ्याच वाटेने भेटला होता. त्याच्या व्हिएन्नातल्या प्रबंधाचा विषय कुणी सांगितला नाही अजून. विषय होता ‘बार्लाम आणि योसाफात’!

ही मध्ययुगीन ख्रिस्ती जगातली फार लाडकी कथा. भारतातला एक राजा, त्याला भाकीत ऐकवतात की तुझा मुलगा संन्यासी होईल. राजा मुलाला महालात कोंडून ठेवतो, दुःख दिसू देत नाही. मुलगा बाहेर पडतो, रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, मरणाची गोष्ट कळते. मग बार्लाम नावाचा साधू भेटतो आणि राजपुत्र योसाफात ख्रिस्ती होतो. ओळख पटली ना? आपल्या सिद्धार्थाचीच गोष्ट. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द मध्यपूर्वेतल्या भाषांतून फिरत फिरत, अक्षरं झिजत झिजत ‘योसाफात’ झाला. आणि चर्चने या योसाफाताला संतांच्या यादीत घेतलं. म्हणजे शतकानुशतकं युरोपातली माणसं नकळत बुद्धाची आठवण काढत होती.

फ्रांकोने ही कथा स्लाव्ह भाषांत कशी पोचली, तिच्यातल्या दृष्टान्तकथा कुठून कुठे गेल्या, याचा माग काढला. तीनदा तुरुंगात गेलेला कार्यकर्ता हस्तलिखितं घेऊन बोधिसत्त्वाच्या मागे फिरतोय, हे कळल्यावर मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

अजून एक. १८९२ची त्याची ‘राजा आणि तपस्वी’ नावाची कविता आहे, भारतीय आख्यान म्हणून. ती मार्कंडेय पुराणातल्या हरिश्चंद्राच्या कथेवर आहे. विश्वामित्राला राज्य देऊन टाकणारा, बायको-मुलगा विकणारा, स्मशानात चांडाळाची चाकरी करणारा तोच आपला हरिश्चंद्र. संस्कृत त्याला येत नव्हतं, जर्मनवरून घेतलं.

दगडफूल

काय सांगता! माझी आजी तारामतीचं गाणं म्हणताना रडायची. ती गोष्ट १८९२ला ल्विव्हमध्ये?

पैलतीर

हो. आणि दगडफूलदादा, विकली गेलेली माणसं आणि दुसऱ्याच्या दारातली चाकरी त्याला का जवळची वाटली असेल, याचा अंदाज ‘शेजाऱ्यांकडची मजुरी’ वाचल्यावर मला आला. हा अंदाज माझा आहे, त्याने तसं कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही.

साधा वाचक

एक प्रश्न. सोव्हिएत काळात याला एवढा मान कसा मिळाला? समाजवादी होता म्हणूनच का?

तळटीप

समाजवादी होता, लोहाराचा मुलगा होता, संपावर कादंबरी होती. सत्तेला हवं ते सगळं होतं. जे नको होतं ते झाकलं. १९०३ला त्याने ‘प्रगती म्हणजे काय’ असा दीर्घ लेख लिहिला. त्यात तो म्हणतो की सगळं काही शासनाच्या हाती दिलं, तर माणूस जन्मापासून मरणापर्यंत शासनाच्या मर्जीवर जगेल आणि ती लोकांची सत्ता म्हणजे लोकांचाच अवाढव्य तुरुंग होईल. लक्षात घ्या, रशियन क्रांतीच्या चौदा वर्षं आधी! आयुष्यभर कष्टकऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला माणूस हे लिहितो आहे. १९७६ ते १९८६ त्याचं समग्र वाङ्मय ५० खंडांत निघालं, पण असं लिखाण त्यात एकतर गाळलं किंवा कात्री लावून छापलं. स्वतंत्र युक्रेनमध्ये मग पुरवणी खंड काढावे लागले.

आणि घरातलीच गोष्ट सांगतो. १९३९ला सोव्हिएत फौजा ल्विव्हमध्ये आल्या. १९४०ला विद्यापीठाला फ्रांकोचं नाव दिलं, म्हणजे ज्या विद्यापीठाने त्याला जागा दिली नव्हती त्यालाच. त्याच वर्षी त्याच्या राहत्या घरात संग्रहालय उघडलं आणि पहिला संचालक नेमला त्याचा मुलगा पेत्रो. पुढच्याच वर्षी, १९४१च्या उन्हाळ्यात, त्याच सत्तेच्या गुप्त पोलिसांनी पेत्रोला उचललं. तो परत आला नाही, त्याला मारून टाकलं.

उंबरठा

म्हणजे ओल्हा गेली ते हेच वर्ष.

तळटीप

हो, तेच.

माळरानताई, तुमच्या मुलीच्या शहराविषयीही सांगतो. त्याचं जुनं नाव बदलून १९६२ला फ्रांकोचं नाव दिलं. जुनं नाव होतं स्तानिस्लाव. तुमच्याच पहिल्या लेखात आहे ते. १८८०ला त्याला गावी नेताना वाटेत ज्या कोठड्यांत टाकलं, त्यातली एक या गावातली.

माळरान

हे मी स्वतः टाइप केलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. चार गावांची नावं ओळीने लिहिली आणि पुढे गेले.

काल रात्री मुलीला फोन केला. ती आता जॉर्जियात उरलेलं शिक्षण पूर्ण करते आहे. तिला कोठडीचं सांगितलं, हॉटेलातल्या बंद खोलीचं आणि तीन सेंटांचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तिच्या तिथल्या घरमालकीण आजीला ‘दगडफोडे’ तोंडपाठ होती. तीच फ्रांकोची १८७८ची कविता, हजारो माणसं साखळदंडांत हातोडे घेऊन कडा फोडताहेत, स्वतःला रस्ता मिळणार नाही हे ठाऊक असूनही फोडताहेत. त्याच्या कबरीवरही तोच दगडफोड्या कोरलेला आहे. आजी भांडी घासताना म्हणायची, आणि मुलीला तेव्हा एवढंच कळायचं की ‘हातोडा’ हा शब्द पुन्हापुन्हा येतोय. आजी अजून तिथेच आहे. दोघींचं अधूनमधून व्हिडिओवर बोलणं होतं, वीज असेल तेव्हा.

मी म्हटलं, तुझी नोट पाठवते, कुणी येणारं असेल तर. म्हणाली, “तूच ठेव. पण घड्या मोडून ठेव आई, त्याच्या कपाळावर बरोबर मधोमध रेघ आलीय.”

आज सकाळी पातळ कापडाखाली ठेवून हलकीशी इस्त्री फिरवली. रेघ पूर्ण गेली नाही. आता ती तिच्या बारावीच्या गाइडमध्ये ठेवली आहे, वर दोन जाडजूड पुस्तकांचं वजन देऊन.